हरणांची बाजरी

माझ्या हातचं पीक मी कधी घरी आणलं नाही. खळं केलं नाही, पोतं शिवलं नाही, बाजारात कोणापुढं दाणे पसरून दाखवले नाहीत. रान खाऊन साफ झालं की माझं काम बराबर झालं, आणि पीक डोलत उभं राहिलं की समजायचं, बिघडलं. असली नोकरी मी अर्धं आयुष्य केली. वनखात्याची रोजंदारी. कागदावर मी वनमजूर होतो, गावात हरणवाला, आणि कोणाला चिडवायचंच असलं तर जमादार.

दिवाळीच्या अंकात कामाबद्दल लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हणालो. शाळेत मी बसलो त्यापेक्षा शाळेतून पळालो जास्त. ऱ्हस्व-दीर्घ माझ्याच्यानं जमत नाही, ते छापणाऱ्यांनी पाहून घ्यावं. पण पेरणीच्या गोष्टीत कोणी दुरुस्ती केली तर मी ऐकायचा नाही, हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो.

आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या बाजाराला पायी जाऊन उजेडात परत येता येतं एवढ्या अंतरावर. गावाच्या एका अंगाला काळी जमीन, दुसऱ्या अंगाला मुरमाड माळ. माळावर कुसळी गवत, तरवड, कुठं एखादी बाभळ. तिथं हरणं. आमच्याकडचं हरीण झाडाआडचं नाही, उघड्यावरचं. माद्या तांबूस पिवळ्या, नर काळा, पोट पांढरं, शिंगं पीळ दिल्यासारखी. काळवीट म्हणतात ते हेच. एसटीतून जाणारी माणसं खिडकीतून बोट दाखवून लेकरांना दाखवतात. लांबून जनावर फार गोड दिसतं. ज्याचा मूग नुकता वर आलेला असतो त्याला ते गोड दिसत नाही. हरीण एका जागी उभं राहून पोटभर खात नाही. चालत चालत शेंडा खुडतं, पुढं जातं, पुन्हा खुडतं. शेंडा गेला की रोप खुंटलं. सकाळी रानात जावं तर तासंच्या तासं, म्हणजे पिकाच्या ओळीच्या ओळी, बोडकी झालेली.

तेव्हाच्या साहेबांच्या मनात आलं की माळाच्या कडेला, खात्याच्या जागेत, हरणांसाठीच पेरावं. त्यांचं तोंड तिथंच रमलं तर ती खाली काळीत उतरायची नाहीत. साहेबांनी गावात येऊन विचारलं, मूठ कोणाची चांगली? लोकांनी माझं नाव सांगितलं. दुसऱ्या कोणाचं सांगणार?

मूठ म्हणजे काय ते शहरातल्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो. बैलांच्या मागं तिफण चालते. तिफणीवर लाकडाचं चाडं असतं, आणि चाड्यातून नळ्या खाली मातीत गेलेल्या असतात. चाड्यावर मूठ धरून चालता चालता बी सोडायचं. मूठ सैल पडली तर बी एका जागी सांडतं, आवळली तर तास रिकामं जातं. मग उगवल्यावर पिकात मोकळ्या जागा दिसतात, त्याला आम्ही नांग्या म्हणतो. आमच्याकडं चाड्यावर बहुतेक बायाच चालतात. मी आईच्या मागं चालून शिकलो. गडी माणूस चाड्यावर म्हणून लोक हसायचे, उगवण पाहिली की गप बसायचे. माझ्या रानात नांगी शोधायला दुपार घालवली तरी सापडायची नाही.

हरणांचं पेरणं सोपं वाटतं. खाणाराला खायला घालायचं, त्यात काय! पण गिऱ्हाईक फार खोडीचं. त्याला कोवळंच पाहिजे, आणि सगळ्यांच्या आधी पाहिजे. गावाचं आधी उगवलं तर ते गावाकडं जाणार. म्हणून मी धूळपेरणी करायचो, म्हणजे पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत बी टाकून ठेवायचो. लोक आभाळाकडं बघत बसलेले असायचे आणि मी धुळीत तिफण हाणत असायचो. पावसानं ओढ दिली की बी मुंग्या नेणार, नाही तर उगवून करपणार. त्या दिवसांत मला घरात बसवत नसे. जेवताना उठून बाहेर जायचो. बायको म्हणायची, "ताट घेऊन माळावरच जाऊन बसा ना, ढगाला बी वाढा." बरं, सगळं रान एकदम पेरायचं नसतं. एक तुकडा आज, दुसरा काही दिवसांनी, म्हणजे एकाची पानं जून झाली तर दुसऱ्याची कोवळी. मटकी, हुलगा, बाजरी असं आलटून पालटून. आणि राखण करायची ती हरणांपासून नाही, गावच्या गुरांपासून.

हे काम परक्या माणसाला समजावताना फार त्रास व्हायचा. थोरल्या मुलीच्या सोयरिकीला मंठ्याकडचे पाहुणे आले होते. मुलाच्या चुलत्यानं विचारलं, "काय करता?"

"पेरतो."

"किती होतं?"

"काहीच होत न्हाई. हरणं खातेत."

"मंग राखत का न्हाई?"

"राखतोच की. हरणांनीच खावं म्हणून राखतो."

चुलत्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्या बायकोकडं पाहिलं, घरात एक तरी माणूस ठिकाणावर आहे का म्हणून. बायको घाईघाईनं म्हणाली, "सरकारी काम हाय पाहुणे." सरकारी म्हटल्यावर बशी पुन्हा वर गेली. लग्न झालं.

गावात माझं खरं वाकडं होतं ते सखारामशी. सखाराम गावची गुरं राखायचा. मी पेरायचो तो माळाच्या पायथ्याचा पट्टा जरा ओल धरणारा. माझ्या आधी तिथं त्याची गुरं चरायची. त्याचं म्हणणं एकच, "जमादार, तुमची हरणं सरकारची अन् आमच्या गायी काय चोराच्या?" मी पट्ट्याला काट्यांचं कुंपण केलं. वरच्या अंगानं हरणांना यायला वाटा ठेवल्या, गावाच्या अंगाला बंद. तो कुठून तरी काटी सरकवायचा. मी त्याची गुरं धरून कोंडवाड्यात घालायचो. मग गुरांचे मालक त्याच्यावर ओरडायचे, आणि तो माझ्यावर.

एकदा सकाळी पट्ट्यावर जातो तर मधोमध बुजगावणं! डोक्याला गाडगं, गाडग्याला चुन्याच्या मिशा, आणि अंगात माझीच बंडी, वाळत घातलेली दोरीवरून गेली होती ती. हरणांसाठी पेरलेल्या रानात बुजगावणं. गाव पाहायला लोटलं. मी आरडाओरडा केला तसे लोक आणखी हसले. बायको पण आल्ती. ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरं हाय. गप तरी उभं राहतं." सखाराम लांब बांधावर बसून गायीच्या कानातल्या गोचिड्या काढत होता, जसं काही गावात काय चाललंय ते त्याला माहीतच नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं. ज्या सालाचं सांगायला मी बसलो ते साल हसण्याचं नव्हतं.

नव्वद सालाच्या मागंपुढं असेल. त्याच्या आधीचे हंगाम कमी पावसाचे गेले. माझी धूळपेरणी करपली, माळावर गवत राहिलं नाही, आणि कळप खाली काळीत उतरला. लोकांची रानं गेली. मग शाळेच्या ओट्यावर गाव जमलं. आमच्या पाटलांनी उघड्या तारेचं बंडलच आणून मधे ठेवलं. पाटील वाईट माणूस नव्हता, पण त्याचं पण रान गेलं होतं.

तो म्हणाला, "धुऱ्या-धुऱ्यानं तार वढायची, अन् मोटारीचा करंट सोडायचा. चार पडली की बाकीची वाट इसरतेत."

मी म्हणालो, "गुन्हा हाय तो. अन् हरणाआधी माणूस चिकटल."

"मंग तुमच्या पेरणीनं काय केलं जमादार? सांगा की."

 माळावरून उतरलं की पहिलं रान गयावैनीचं. म्हणजे तार तिच्याच धुऱ्यापासून, बांधापासून, सुरू होणार होती. गयावैनी माझ्या भावकीतली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाड्याचे बैल लावून तेवढं एक रान ती कसायची. त्यात मूग आणि तूर. पुढच्या पेरणीचं, औषधपाण्याचं, लुगड्या-कपड्याचं सगळं त्या मुगावर चालायचं. पाटलानं तिला विचारलं, "वैनी, तुमच्या धुऱ्यावरून सुरुवात. बोला."

ती म्हणाली, "मूग जातो म्हणून मी रडते, पाटील. पण त्याच धुऱ्यावरून माझी सून पाण्याला जाती. मी काय बोलू?"

 तेव्हा मी उठलो. कोणी उठ म्हणालं नव्हतं. मी म्हणालो, "वैनी, यंदाचं साल मला द्या. तुमच्या मुगात हरणाचा खूर पडला तर मी हे काम सोडून देतो."

पाटील म्हणाला, "काम सोडून आमाला काय मिळतं? खूर पडला तर तार. बोला, कबूल?"

"कबूल. पण पडला का न्हाई ते वैनीनं सांगायचं. दुसऱ्या कोणी न्हाई."

असं ठरलं. घरी आलो तर बायकोनं माझ्याकडं पाहिलं सुद्धा नाही. भाकरी वाढून म्हणाली, "हरणांना इचारलं का, कबूल हाय का म्हणून?"

त्या साली मी तुकड्या-तुकड्यानं पेरलं नाही. मनात आलं, एवढं खायला घालू की कळपाला मान वर करायला सवड मिळू नये. सगळा पट्टा एकदम पेरला. बाजरी, मधे मटकी. मूठ अशी चालवली की आई असती तर तिनंही दोष काढला नसता. पाऊस वेळेवर आला. चांगली झड लागली. माळ हिरवागार झाला, आणि हरणं वरच गवतात रमली. पायथ्याच्या चिखलात उतरायला ती तयार नव्हती. कोवळी बाजरी तशीच राहिली आणि वाढत गेली. मला वाटलं, राहू द्या. गवत जून झालं की येतील, तोवर ताट भरू द्या.

आणि काय भरलं! कमरेला आली, छातीला आली. वारा सुटला की पट्टा एका अंगावर झुकायचा. पिंपळगावच्या बाजाराला जाणारी माणसं वाट सोडून बघायला यायची. "अशी बाजरी शिवारात न्हाई," म्हणायची. पाटील एकदा बांधावर उभा राहून म्हणाला, "जमादार, हरणांनी न्हाई खाल्ली तर मला द्या." मी हसलो. आत बाहेर सगळा फुगलो होतो. रोज सकाळी उगाच एक चक्कर मारून यायचो, कोणी भेटतं का, काही म्हणतं का म्हणून.

श्रावणात माळावरच्या गवतानं कुसळं धरली. हरणांच्या तोंडाला ते टोचायला लागलं. मी वाट पाहत होतो, आता उतरतील. आणि उतरलीच.

गयावैनी स्वतः पट्ट्यावर आली. तिच्या मुठीत काहीतरी होतं. म्हणाली, "भाऊजी, हे बघा." मूठ उघडली तर मुगाचे कुरतडलेले शेंडे. मी तिच्या मागं गेलो. माळाकडची तासं गेली होती. ओल्या मातीत खूर असे उठले होते की कोणी मोजून ठेवावेत. मूग फुलात होता.

मी विचारलं, "कोणाला बोललात का?"

"अजून न्हाई. पण पाटील इचारतील तवा मी खोटं बोलणार न्हाई."

"खोटं बोलू नका."

"तुमची बाजरी सोडून माझ्यातच का येतेत, ते तरी सांगा."

 तिथून पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. फटफटायला निघायचो, दिवस डोक्यावर आला तरी घरी नसायचो. मुगात कळप दिसला की टाळ्या वाजवत बाजरीकडं हाकायचो. कळप उड्या मारत बाजरीपर्यंत जायचा, बाजरीला वळसा घालून माळावर चढायचा, आणि मी पाठ वळवली की पुन्हा मुगात. मी बाजरीची पानं ओढून वाटेवर टाकून पाहिली. हुंगायची, सोडून द्यायची. मला त्या जनावरांचा एवढा राग आला की एकदा ढेकूळ उचलून फेकलं. लागलं नाही. मग स्वतःचीच लाज वाटली. हाताखालच्या बैलाला कधी मारलं नव्हतं मी.

गयावैनी नुसती धुऱ्यावर उभी राहून बघायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एका सकाळी बाजरीच्या वरच्या कडेला, हरणांच्या वाटेवर, माझ्या टाचेत काटा मोडला. कुंपणाचाच असणार, मीच लावलेला. खाली बसून काटा काढत होतो. काढला, आणि सहज मान वर केली तर पुढं काहीच नाही. बाजरीची धाटं, फक्त धाटं. गाव नाही, माळ नाही, बांध नाही. उभा असताना जे भरलेलं रान दिसायचं ती बसल्यावर भिंत होती. माझी मान तेव्हा हरणाच्या मानेएवढ्या उंचीवर होती.

हरीण डोळ्यांवर जगतं. त्याला चारी बाजू दिसल्या पाहिजेत, कोल्हा, कुत्रं, माणूस, काय येतंय ते. उघड्यावर ते माणसाच्या देखत चरतं, पण जिथं दिसत नाही तिथं सोन्याचं पीक असलं तरी पाय ठेवत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं मी त्यांना उघड्यावरच पाहत होतो. पण बाजरी चांगली आली की माणूस हरणाच्या डोळ्यानं कशाला बघेल? मी शेतकऱ्याच्या डोळ्यानं बघत होतो. अन् वैनीचा मूग गुडघ्याएवढा. त्यात उभं राहिलं की सगळं शिवार दिसतं.

म्हणजे बाजरी कापली पाहिजे होती. आणि बाजरी पोटऱ्यात आली होती.

हे पण सांगायला पाहिजे. कणीस बाहेर पडायच्या आधी धाटाच्या आत फुगतं. पान पोटासारखं टुमटुमतं. त्याला पोटरी म्हणतात, आणि आमच्या बाया अशा रानाला गरवार म्हणतात, बाईला म्हणावं तसं. गरवार रानाला कोणी विळा लावत नाही. चारा म्हणून कापायचं असलं तर आधी कापतात, नाही तर कणीस निघून दाणा होईपर्यंत थांबतात. मी गल्लीत बायांना सांगायला गेलो, कापा आणि घरच्या बैलांना चारा न्या, फुकट. एकजण सुद्धा उठली नाही. "दादाराव, डोकं फिरलं का तुमचं?" म्हणाल्या. शेवटी गयावैनीकडं गेलो. तिला सगळं सांगितलं, काटा, भिंत, सगळं. तिला पटलं. पण ती म्हणाली, "मी न्हाई लावणार इळा, भाऊजी. माझा मूग गेला तरी न्हाई."

"मंग मीच लावतो."

विळा घेऊन गेलो. एक जुडी मुठीत धरली. अंगठ्याखाली पोटरी लागली, भरलेली, जरा गरम. सोडून दिली. विळा बांधावर ठेवला आणि तिथंच फेऱ्या मारत राहिलो, इकडून तिकडं, तिकडून इकडं. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्याला लागिर झालं. म्हातारा नव्हतो तेव्हा.

मग नाल्यावर गेलो. दुपारी गुरं तिथं पाण्यावर बसायची. सखाराम जांभळीखाली पडला होता. मला पाहून उठला नाही, नुसतं डोक्यावरचं फडकं सारलं.

"राम राम जमादार. आज कोणती गाय न्यायला आल्यात?"

"कोणती बी न्हाई. सगळ्या आण."

"कोंडवाड्यात?"

"माझ्या बाजरीत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग उन्हाकडं. "पाणी पिता का? बसा जरा."

"मी शुद्धीवर हाय सखाराम. बाजरी गुरांना घालायची हाय. जल्दी कर."

मी त्याला कारण सांगितलं. तो ऐकून घेत होता. मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, "पोटऱ्यात आली ना?"

"आली."

"बाया न्हाई म्हणाल्या आसतील."

"हां."

"मंग मी बरा सापडलो." फडकं झटकून तो उठला. "येतो. पण काटी तुम्ही उचलायची. तुमच्या हातानं. उद्या म्हणाल, सखारामनं मोडली."

मी पुढं, तो मागं, आणि त्याच्या मागं गावची सगळी गुरं. ज्या बाजूनं मी इतकी वर्षं त्याला अडवत होतो त्याच बाजूची काटी मी उचलली. गुरं आधी आत जाईनात. त्यांना पण माहीत होतं, इथं मार बसतो. सखारामनं पुढच्या गायीच्या पाठीवर थाप मारली, "जा माय, आज बोलावणं हाय." ती गेली. मग सगळीच गेली.

बाजरी मोडायचा आवाज मी तोपर्यंत असा कधी ऐकला नव्हता. कराकरा, आणि मधे मधे गुरांचे मोठे श्वास. आम्ही दोघं बांधावर बसलो. सखारामनं तंबाखू मळून माझ्यापुढं धरली.

"तिकडं बघू नका."

"बघणार."

"बघा मंग." तंबाखू तोंडात टाकून तोच म्हणाला, "आजपर्यंत मला वाटायचं, एकदा हे रान गुरांना घालावं. आता घातलं तर बरं न्हाई वाटून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी दुपारीही त्यानं गुरं आणली. पट्टा पार आडवा झाला. वाटेनं जाणारे थांबून विचारायचे, "काय झालं हो? कोणी घातली?" मी म्हणायचो, "म्या." ते पुढं विचारायचे नाहीत. गावात बोलवा झाली की हरणवाल्याला वेड लागलं.

मग पुन्हा वाट पाहणं. मोडलेल्या धाटांखाली मटकी होती. तिला ऊन मिळालं, एक भुरभुर पाऊस मिळाला, तिनं अंग धरलं. बाजरीच्या बुडख्यांना फुटवे आले. मी लांब, वैनीच्या धुऱ्यावर बसून राहायचो. हरणं खाली यायची, माझ्याकडं बघायची, पट्ट्याकडं बघायची. मग एके दिवशी कळपातला काळा नर एकटा पट्ट्यात शिरला. मधोमध गेला. मान ताणून चारी बाजूंनी पाहिलं. आणि तिथंच लेंड्या टाकल्या. दुसऱ्या कोणाला ती घाण वाटेल, पण आमच्या कामात तो कौल असतो. नर ज्या जागी रोज लेंड्या टाकतो ती जागा त्यानं आपली म्हटलेली असते, आणि माद्या तिथं थांबतात. दुसऱ्या सकाळी तिथंच आणखी पडल्या. त्याच्या मागून माद्या आल्या, माना खाली घातल्या, मटकी खाऊ लागल्या. वैनी माझ्या मागं येऊन उभी होती.  पदरानं घाम पुसून मुगात निंदायला गेली.

मूग निघाला तेव्हा माळाकडचा गेलेलाच होता, खालच्या अंगाचा हाती लागला. पुन्हा शाळेच्या ओट्यावर गाव जमलं. पाटलानं सगळ्यांसमोर विचारलं, "वैनी, खूर पडला का न्हाई?"

"पडला," ती म्हणाली.

मी उठलो. खांद्यावरचं उपरणं नीट केलं आणि ओट्यावरून उतरायला लागलो.

"कुठं चालले भाऊजी? माझं झालं न्हाई अजून." मग ती पाटलाकडं वळली. "बाजरी उभी होती तवर पडला. आडवी झाली, मंग न्हाई पडला. माझा मूग गेला तो हरणानं न्हाई नेला, ह्यांच्या उभ्या बाजरीनं नेला. तार नको. माझ्या धुऱ्यावर तर बिलकुल नको."

पाटील म्हणाला, "अन् पुढच्या साली पुन्हा असंच झालं तर?"

"होणार न्हाई. पुढच्या साली कसं पेरायचं ते मी सांगणार. ह्यांनी फक्त ऐकायचं."

पाटील हसला. "जमादार ऐकतेत का कोणाचं?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. सखाराम पण होता, मागं भिंतीला टेकून. मी म्हणालो, "मी काम सोडणार असं बोललो होतो."

"सोडून कुठं जाता?" वैनी म्हणाली. "माझा अर्धा मूग घालवला, आता जरा नीट करून दाखवा."

पाटलानं तार उचलून घरी नेली. पुढं गावात ती पुन्हा निघाली नाही.

पुढच्या पेरणीला वैनी खरंच धुऱ्यावर येऊन उभी राहिली. मी चाड्यावर मूठ धरली, तिफण चालू झाली, आणि तिचा आवाज आला, "दाट व्हायलंय! इरळ पेरा!" मी आवळलं. "अजून इरळ! मधे मोकळं सोडा!" बाजरी तिनं टाकूच दिली नाही, नुसती मटकी आणि हुलगा. ज्या हातानं आयुष्यभर एकही तास रिकामं जाऊ दिलं नव्हतं, त्या हातानं मी तासं रिकामी सोडली, पगार घेऊन. माझा काळ संपेपर्यंत मी तसंच पेरलं. आता तिथं पेरत नाहीत. काळीत पण आता कापूस आणि सोयाबीन. गयावैनी गेल्याला बरीच वर्षं झाली. सकाळी मी अजून तिकडं जातो, कशाला ते मला विचारू नका, घरात बसवत नाही एवढंच.

पण त्या पहिल्या विरळ सालाचं सांगतो. मटकी वर आली आणि कळप भर दिवसा आला. काळा मधे उभा, माद्या भोवती चरत होत्या, पाडसं एकमेकांवरून उड्या मारत होती. खाली वैनीच्या मुगात एक शेंडा हलला नव्हता. वैनी माझ्याजवळ आली, म्हणाली, "बघा भाऊजी, कसं झालं!"

चांगलंच झालं होतं. मी मान हलवली. पण माझी नजर हरणांवर ठरत नव्हती. त्यांच्या पायांमधल्या नांग्यांवर जात होती. इथं बी पाहिजे होतं, तिथं पाहिजे होतं, ते तास तर सबंध रिकामं. हात नुसते शिवशिवत होते. हरणं पोटभर खात होती, आणि मी बांधावर उभा राहून मनातल्या मनात एकेक नांगी भरत होतो.